खाऱ्या-गोड दाण्यांची पूर्वपीठिका

हिंवाळा सुरू झाला म्हणजे कल्याणच्या पुढें कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या तीन गांवांतील घरांमध्यें संध्याकाळच्या सुमारास एक ओळखीचा वास सुटूं लागतो. कढईंत दाणे भाजले जात असतात. कोणी ते मिठाच्या पाण्यांत भिजवून, वाळवून मग भाजतात. कोणी साखरेच्या पाकांत घोळवितात. आणि अलीकडे मीठ, साखर व तिखट हीं तिन्ही एकाच दाण्यावर चढविण्याची आवड वाढत चालली आहे. पाहुणा आला कीं वाटी पुढें होते, आणि अंबरनाथ-बदलापूरच्या मराठी घरांतून वाटीबरोबर बहुधा एक वाक्यही पुढें होतें : "घरचे आहेत, आपले जुन्या पद्धतीचे, कॅम्पांतून आणलेले नव्हेत." कॅम्प म्हणजे उल्हासनगर, हें या बाजूच्या वाचकांस सांगावयास नको, इतरांसाठीं खुलासा पुढें येईलच. या एका वाक्यांत चार दावे आहेत. दाणे घरीं केलेले आहेत, हा पहिला दावा बहुधा खरा असतो. परंतु ते 'आपले' आहेत, 'जुने' आहेत आणि 'कॅम्पांतले नव्हेत', या उरलेल्या तिहींची इतिहासाच्या दृष्टीनें चौकशी करावी, असें आमच्या मनांत पुष्कळ दिवस होतें.

विषय क्षुल्लक आहे, असें कोणी म्हणेल. राजे, लढाया व तह यांच्या इतिहासापुढें तो क्षुल्लक आहेच. पण घराघरांतून रोज घडणाऱ्या गोष्टींचा इतिहास कोणी लिहून ठेवीत नाहीं, आणि मग त्या अनादि कालापासून तशाच चालत आल्या आहेत अशी आपली समजूत होऊन बसते. या समजुतीच्या जोरावर आपण कोणाला आपला म्हणावयाचें व कोणाला परका, हेंही ठरवून टाकतों. तेव्हां वाटींतल्या दाण्यांची जन्मपत्रिका पाहण्यांत अगदींच कांहीं स्वारस्य नाहीं असें नव्हे.

पहिली अडचण शब्दाची. बदाम, काजू, पिस्ता, अक्रोड व भुईमुगाचा दाणा या सर्वांना मिळून इंग्रजींत एक शब्द आहे. मराठींत तो नाहीं. 'नट' म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें रंगभूमि उभी राहते. 'कवचफळ' हा शब्द पाठ्यपुस्तकांत आढळतो, पण तो कोणाच्या तोंडीं बसलेला नाहीं. 'सुका मेवा' म्हणावें तर त्यांत खारीक व बेदाणेही येतात, आणि गरिबाचा शेंगदाणा मात्र बाहेर राहतो. आपण सर्वांस 'दाणे' म्हणतों हेंच बरें, कारण तो शब्द मोठ्या घराण्यांतला आहे. वेदांत 'धाना' म्हणून भाजलेल्या जवाचा उल्लेख येतो, आणि फारशींतील 'दाना' हा त्याच कुळांतील शब्द होय. म्हणजे दाणा आणि भाजणें यांची सोयरीक फार जुनी आहे.

अंबरनाथला वालधुनी नदीच्या कांठीं जें शिवालय आहे, त्यांतील शिलालेख शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० मधील असून त्यांत शिलाहार राजा माम्वाणी याचें नांव आहे. त्या देवळाच्या भिंतींवर खपणाऱ्या पाथरवटाच्या शिदोरींत काय असूं शकलें असतें? तीळ असते, हरभरा असता, गूळ असता, खोबरें असतें, लाह्या असत्या. रानांतून आणलेली चारोळी असती. पण काजू नसता आणि भुईमुगाचा दाणाही नसता, कारण हीं दोन्हीं झाडें त्या वेळीं महासागरापलीकडे होतीं व त्या भूमीची आपल्याकडे कोणाला वार्ताही नव्हती. बदलापूरच्या नांवाविषयीं तेथें घोडे बदलीत असत अशी एक दंतकथा आहे. ती खरी मानली, तरी त्या घोड्यांच्या तोबऱ्यांत व स्वारांच्या पडशींत सांपडला असता तो हरभराच. वाटींत आज सर्वांत जास्त भरणा ज्यांचा असतो ते दोघेही आगंतुक आहेत.

त्यांतून काजूची हकीकत मोठी गमतीची आहे. आपल्या रानांत काजूचा एक सख्खा चुलतभाऊ पूर्वींपासून होता. तो म्हणजे बिब्बा. परटाच्या खुणा व पायाचा कांटा यांपुरतीच बिब्ब्याची आठवण आतां शहरांत उरली आहे. परंतु त्याच्या आंतील गर, ज्याला गोडंबी म्हणतात, तो विदर्भ-मराठवाड्याकडे बाळंतिणीच्या लाडवांत अजून घालतात. काजूप्रमाणेंच बिब्ब्याच्याही टरफलांत कातडी भाजून काढणारें तेल असतें, आणि त्यांतून गर सुखरूप बाहेर काढणें हें कसबाचें व दुखण्याचें काम आहे. युरोपांतील जुने वैद्य बिब्ब्याला 'अनाकार्डियम' म्हणत. गोव्यांत १५६३ सालीं छापलेल्या गार्सिया द ऑर्ताच्या ग्रंथांत त्या नांवाखालीं बिब्ब्याचीच चर्चा आहे. पुढें पंधरा वर्षांनीं, १५७८ त, क्रिस्तोव्हांव द कोस्ता यानें कोचीनकडील बागांतून काजूचें झाड असल्याचें लिहिलें. ब्राझीलमधील तुपी लोकांचा 'अकाजू' पोर्तुगीजांच्या तोंडीं 'काजू' झाला होता, तोच आपण घेतला. आणि १७५३ सालीं लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानें वनस्पतींची नांवनिशी लावली तेव्हां 'अनाकार्डियम' हें बिब्ब्याचें नांव काढून काजूला देऊन टाकलें! घरच्याचें नांव पाहुण्याला मिळालें, आणि घरचा रानांतच राहिला. कोंकणांत काजू इतका रुजला कीं, १९५७ सालीं वेंगुर्ल्यास फळसंशोधन केंद्र निघालें त्यानें काजूच्या ज्या जाती काढल्या त्यांस 'वेंगुर्ला' हेंच नांव मिळालें. खारे काजू खातांना एवढें मात्र ध्यानांत असावें कीं, हा गर अखंड काढणाऱ्या बायका हाताला राख किंवा एरंडेल चोळून बसतात, आणि तरीही त्यांचीं बोटें काळीं पडतात.

भुईमुगाची कथा याहून साधी आहे, पण तिचा अर्थ अधिक खोल आहे. हें झाड मूळचें दक्षिण अमेरिकेंतलें. फूल झडल्यावर त्याच्या आऱ्या सुटून जमिनींत शिरतात व शेंग मातीखालीं धरते. ही विलक्षण चाल पाहून आपल्या लोकांनीं त्यास भुईंतला मूग ठरविलें व एका झटक्यांत त्याचें परकेपण पुसून टाकलें. इतर प्रांतांनीं तसें केलें नाहीं. तामिळांत त्यास मनिलाचा दाणा म्हणण्याची रीत होती, आणि बंगाल्यांत तो अजूनही चिनी बदाम आहे. या नांवांत त्याच्या प्रवासाच्या वाटा उमटलेल्या आहेत. मराठी नांवांत त्या दिसत नाहींत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत फ्रान्सांतील मार्सेय बंदरच्या तेल-साबणाच्या कारखान्यांची भूक वाढली आणि भुईमूग हें पैशाचें पीक झालें. पुढें मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यानें 'स्पॅनिश', 'बिग जपान' अशीं बाहेरचीं बियाणीं आणून वाटलीं, व सातारा, सोलापूर, कोल्हापूर व खानदेशच्या रानांतून हें पीक मातलें. 'कऱ्हाड ४-११' किंवा तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रांत निर्माण झालेली 'टॅग-२४' या अस्सल देशी जातींचे पूर्वज असे परदेशी आहेत.

इतका अलीकडचा हा पाहुणा; पण त्याला आपण कोठें नेऊन बसविलें तें पाहावें. एकादशीला तांदूळ चालत नाहीं, गहूं चालत नाहीं, ज्या हरभऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या पोसल्या तो चालत नाहीं. चालतात ते शेंगदाणे, बटाटा, रताळें, साबुदाणा, मिरची व राजगिरा! यांतील प्रत्येकाचें मूळ अमेरिकेंत आहे. बिचारी वरी तेवढी जुन्या जगांतली. ज्या घरांत सोंवळ्या-ओंवळ्याचा विचार कडक होता, त्याच घरांत दाण्याचा कूट देवाच्या नैवेद्यापर्यंत पोंचला, आणि त्याचें गोत्र कोणीं विचारलें नाहीं. शास्त्रांत ज्याचें नांवच नाहीं त्याला निषेधही नाहीं, असा युक्तिवाद यामागें असावा, असें आम्हांस वाटतें. कांहीं असो, स्वयंपाकघराइतकी उदार संस्था दुसरी नाहीं, फक्त ती आपलें औदार्य लगेच विसरते.

आतां भाजण्याकडे वळूं. पूर्वीं दाणे भाजणें हें घरचें काम नव्हतें, तें भडभुंज्याचें काम होतें. त्याची भट्टी, तिच्यावरील कढईंतली तापलेली वाळू, ती खालींवर करण्याची लांब दांड्याची पळी आणि वाळू गाळण्याची चाळण, एवढ्या संसारावर तो गांवाला फुटाणे, चुरमुरे व लाह्या पुरवी. भांड्याच्या तळाशीं लागलेल्या दाण्याला एकाच बाजूनें आंच बसते; वाळूंत पुरलेल्या दाण्याला ती चहूंकडून सारखी बसते. म्हणून वाळूंतला फुटाणा बाहेरून करपत नाहीं व आंतून कच्चा राहत नाहीं. घरीं दाणे खारे करूं लागल्यावर शहाण्या बायकांनीं वाळूच्या जागीं जाडें मीठ वापरलें, कारण वाळू एकाद्या दाण्याबरोबर दाताखालीं येते. मीठ आलें तर बिघडत नाहीं. ते मीठ पुन्हा पुन्हा वापरतां येतें. मात्र कढईंतल्या कोरड्या मिठानें दाणा भाजतो, खारट होत नाहीं. खारटपणा आंत मुरावयास हवा असेल तर दाणे आधीं मिठाच्या कढत पाण्यांत थोडा वेळ ठेवून, निथळून, फडक्यावर पसरून ठणठणीत वाळवावे लागतात. ओले दाणे कढईंत टाकले तर ते भाजत नाहींत, शिजतात. आणि शिजलेल्या दाण्याचा पुढें कुरकुरीत दाणा होत नाहीं. दुसरें असें कीं, दाणा हवा तितका तांबूस दिसण्याच्या किंचित्‌ आधींच उतरवावा. तो स्वतःच्या उष्णतेनें कांहीं वेळ भाजतच राहतो. भाजतांना जो खमंग वास सुटतो त्याचें कारण १९१२ सालीं मेयार नांवाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें सांगितलें : दाण्यांतील शर्करा व प्रथिनांचे घटक उष्णतेनें एकमेकांशीं संयोग पावतात व शेंकडों नवीं द्रव्यें उत्पन्न होतात. आजीला हें नांव ठाऊक नव्हतें. पण 'वास पालटला कीं उतरव', एवढें तिचें शास्त्र पुरेसें अचूक होतें.

एका बाबतींत मात्र आजीचें शास्त्र अपुरें होतें. अंबरनाथ-बदलापूरकडील पाऊस ज्यांनीं अनुभवला आहे त्यांस सर्द झालेल्या शेंगांचा कुबट वास ओळखीचा असेल. १९६० सालीं इंग्लंडांत टर्की जातीचे लक्षावधि पक्षी अकस्मात्‌ मेले, आणि त्यांच्या खाद्यांतील ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडींत बुरशीचें विष सांपडलें. त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात, तें यकृताला घातक आहे, आणि भाजण्यानें तें पुरतें नाहींसें होत नाहीं. म्हणून सुरकुतलेला, काळपट, बुरशीचा दाणा कढईंत पडण्यापूर्वींच निवडून टाकावा. एकादा कडू दाणा 'अन्न आहे' म्हणून गिळून टाकण्याची आपली संवय येथें उपयोगाची नाहीं.

मिठाविषयीं फार लिहीत नाहीं. ठाण्याच्या खाडीची मिठागरें आमच्या या मुलखापासून दूर नाहींत, पण तें मीठ कराशिवाय घरांत येत नव्हतें. त्या करासाठीं १९३० सालीं वडाळ्यास व शिरोड्यास लोकांनीं लाठ्या खाल्ल्या, हें सर्वश्रुत आहे. तो कर उठला १९४७ सालीं. साखरेवरचें नियंत्रण त्याच वर्षाच्या डिसेंबरांत उठलें व १९४९ त पुन्हा बसलें. या दोन तारखांच्या मधला काळ पुढील हकीकतीस महत्त्वाचा आहे.

गोड दाण्यांत मराठी घराण्यांनीं जें खरोखर स्वतःचें कसब दाखविलें तें संक्रांतीच्या हलव्यांत. हलवा हा शब्द अरबी, आणि दाण्यावर साखरेचें कवच चढविण्याची कलाही एकट्या आपलीच नव्हे. इराण-अफगाणिस्थानांत लग्नकार्यांत साखर चढविलेले बदाम वांटतात, त्यांस नुक्ल म्हणतात. पण कांट्याचा हलवा पाहावा तो आपल्याकडेच. साखरेच्या पाकांत थोडें दूध घालून मळी काढावयाची, पाक गाळून घ्यावयाचा, शेगडींत मंद निखारे ठेवून त्यावर परात ठेवावयाची. तींत तीळ, खसखस, काजूचे तुकडे, शेंगदाणे, भोपळ्याच्या बिया किंवा वेलदोड्याचे दाणे घेऊन त्यांवर चमचाभर पाक सोडावयाचा व बोटांनीं हलकेच फिरवीत राहावयाचें. पाक सुकला कीं दुसरा चमचा. असें एक दिवस नव्हे, तीन-तीन चार-चार दिवस. थंडी चांगली असेल तर साखर दाण्याच्या अंगावर टोंकाटोंकानीं जमते व कांटा उभा राहतो. हवा दमट झाली, आंच वाढली किंवा बोट जड पडलें तर कांटा मोडतो. बोटांचीं अग्रें भाजून हुळहुळीं होतात. या हलव्याचे दागिने नव्या सुनेच्या अंगावर चढतात, आणि तान्ह्या मुलाच्या बोरनहाणांत तोच हलवा बोरें, उसाचे करवे व भुईमुगाच्या शेंगा यांच्यासह त्याच्या डोक्यावरून ओततात. तीन-चार दिवसांच्या या खटाटोपाचा मोबदला आमच्या घराण्यांतून 'हात चांगला आहे हो तिचा' या एका वाक्यानें चुकविला जाई. शहरांतील कित्येक विधवांनीं व अडचणींतल्या गृहिणींनीं याच हातावर गुपचूप ऑर्डरी घेऊन मुलांचीं शिक्षणें केलीं. त्यांची नोंद कोणत्याही कारखान्याच्या हजेरीपटावर नाहीं.

घराबाहेर या दाण्यांस पाय फुटले ते आगगाडीमुळें. आगगाडी १८५४ सालीं कल्याणास पोंचली. तेथून अंबरनाथ-बदलापूरवरून ती १८५६ त पळसदरी-खोपोलीपर्यंत गेली, आणि बोरघाट चढून १८६३ त पलीकडे झाली. घाटाच्या माथ्यावरील लोणावळ्याची चिक्की ही मूळची गुडदाणी. घाटांत रूळ टाकणाऱ्या मजुरांसाठीं ती निघाली असें सांगतात. परंतु तेथील प्रसिद्ध मगनलालांच्या दुकानाचा आरंभ १८८८ चा सांगतात, आणि घाट तर त्यापूर्वीं पंचवीस वर्षें खुला झाला होता. मजुरांची कथा सालाशीं जुळत नाहीं, निदान पहिल्या बांधणीच्या मजुरांची तर नाहींच. प्रवाशांची भूक हें कारण आम्हांस अधिक संभवनीय वाटतें. चिक्कीपुरतें इतकें पुरे.

आतां कॅम्प. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणच्या पूर्वेस उल्हास व वालधुनी या नद्यांच्या मधल्या माळावर सरकारनें फौजेसाठीं एक मोठी छावणी उभारली होती. लांबच लांब बराकी, मध्यें रस्ते, आणि उन्हांत तापणारीं छपरें. युद्ध संपलें, बराकी रिकाम्या झाल्या, आणि १९४७ च्या फाळणीनंतर त्यांत सिंधी निर्वासित येऊन पडले. ६ जानेवारी १९४८ रोजीं कराचींत दंगल झाली, तेव्हांपासून तर बोटींमागून बोटी मुंबईच्या धक्क्याला लागूं लागल्या. थोड्याच अवधींत या माळावर लाखाच्या आसपास वस्ती झाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांनीं येथें नव्या नगराची कोनशिला बसविली व नांव उल्हासनगर पडलें. १९६० त नगरपालिका व १९९६ त महानगरपालिका झाली. तरी जुन्या माणसांच्या तोंडीं 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर चार' हेंच राहिलें.

हे लोक आपल्याला सर्वस्वीं अनोळखी होते असें मानण्याची चाल आहे. ती चुकीची आहे. १८४७ पासून १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच एक भाग होता. पुण्याचा कारकून कराचीला बदलून जात असे. कराचींतील सर्वांत जुन्या सरकारी शाळांपैकीं एकीस नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचें नांव आहे, आणि तें पाकिस्तान झाल्यावरही टिकलें. नव्वद वर्षें एका इलाख्यांत नांदलेलीं हीं दोन माणसें कल्याणच्या फलाटावर समोरासमोर आलीं, तेव्हां मात्र एकमेकांस प्रथमच पाहत असल्यासारखीं उभीं राहिलीं.

सिंध्यांच्या पाकशाळेंत दाण्यांचें माहात्म्य आपल्याहून मोठें. शिकारपूरच्या सावकारांच्या पेढ्या बोलन घाटापलीकडे कंदाहार-बुखाऱ्यापर्यंत पसरलेल्या होत्या व त्या वाटेनें बदाम-पिस्ते सिंधेंत उतरत. त्यांच्याकडील 'वारो' ही मिठाई म्हणजे आपल्या चिक्कीची सधन बहीण होय. साखर कोरडीच कढईंत वितळवून तांबूस झाली कीं तींत बदाम, पिस्ते, चारोळी, खसखस, तीळ टाकतात आणि तूप लावलेल्या ताटांत भराभर पातळ पसरतात. क्षणभर उशीर झाला तर साखर हातांतच दगड होते. बराकींत शिध्यावर दिवस काढणाऱ्या बाईला बदाम-पिस्ता कोठून मिळणार? साखर १९४७ च्या अखेरीस मोकळी झाली ती दीड-दोन वर्षांपुरतीच. तेव्हां वारोच्या ताटांत शेंगदाण्यानें बदामाची जागा घेतली असावी, हें अनुमान आम्हांस वावगें वाटत नाहीं. आज दोन्ही तऱ्हा दिसतात. ब्राझीलकडचा दाणा, कंदाहारी मिठाईचा साचा आणि कोल्हापूर-साताऱ्याचें पीक अशी ही सोयरीक एका फौजी बराकींत जुळली.

या बराकींतून बायकांनीं पापड लाटले, लोणचीं घातलीं, मिठाया केल्या, शिवणकाम केलें. पुरुष व पोरें ते जिन्नस घेऊन गाड्यांच्या डब्यांतून हिंडलीं. रेल्वेचे अधिकारी त्यांना पकडीत, दंड करीत, आणि तीं दुसऱ्या दिवशीं पुन्हा डब्यांत असत. मुंबईच्या दरानें दोन पैसे कमी घेऊन माल विकणें हा त्यांचा गुण शेजाऱ्यांस अवगुण वाटला. 'मेड इन यू. एस. ए.' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', ही कोटी गेल्या तीन पिढ्या या लोहमार्गावर फिरत आहे. तिच्यांत कांहीं सत्य आहे. नकली मालाचे कारखाने तेथें निघाले हें नाकारतां येत नाहीं. परंतु जी बाई बराकीच्या दारांत शेगडी मांडून दाणे परतीत होती, तिनें कशाची नक्कल केली होती? आमची विधवा आत्या हलवा करून विकी तेव्हां त्याला आम्ही 'घरगुती' म्हणालों, आणि निर्वासित सिंधी आत्यानें वारो करून विकला तेव्हां त्याला 'धंदा' म्हणालों. शेगडी तीच, भाजलेलीं बोटेंही तींच. १९५९ सालीं गिरगांवांत सात गुजराती बायकांनीं ऐंशी रुपये कर्ज काढून पापड लाटावयास घेतले, त्यांची 'लिज्जत' ही संस्था झाली, हिशेब राहिले, म्हणून त्यांचा इतिहास लिहितां येतो. कॅम्पांतल्या बायकांनीं त्याच्या दहा वर्षें आधीं हेंच केलें. पण त्यांचीं वहीखातीं नाहींत, आणि ज्या बायकांना हें सर्व तोंडपाठ होतें त्या एक एक करून गेल्या. उरल्या आहेत त्यांच्या सुना-मुलींपाशीं जाऊन कोणी तरुण संशोधकानें वही उघडावी. पुढच्या दहा वर्षांत तें झालें नाहीं तर मग कधींच होणार नाहीं.

खारें व गोड एकत्र करण्याची जी नवी आवड प्रारंभीं सांगितली, ती अमेरिकन डबाबंद खाण्यावरून आली असें तरुण मंडळी समजतात. पोह्यांच्या चिवड्यांत आपण काय करतों? तळलेले दाणे, खोबऱ्याचे काप, मीठ आणि वरून चिमूटभर पिठीसाखर. ती साखर विसरली तर चिवडा फिका लागतो, कारण गोडाच्या शेजारीं खारें अधिक खारें लागतें. दाण्यांवर हें साधावयाचें असेल तर साखरेचा पाक दाणे घालून परतीत राहावें. आधीं तो चिकट होतो, मग फुटून त्याची भुरभुरीत साखर दाण्यास चिकटते. त्याच क्षणीं कढई खालीं घेऊन मीठ भुरभुरावें. आंच तशीच ठेवली तर ती साखर पुन्हा वितळून तांबडी होते व चिक्की होऊन बसते. मीठ पाकांतच आधीं घातलें तर तें एकसारखें मिळून जातें, व खारें-गोड असें वेगळें जिभेला लागत नाहीं.

अंबरनाथ-बदलापूरच्या ज्या घरांत 'कॅम्पांतले नव्हेत' असें आवर्जून सांगतात, त्यांतील पुष्कळ घरांचा किराणा महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत उल्हासनगरच्या घाऊक दुकानांतून येतो, कारण तेथें तो स्वस्त पडतो. दाणे, काजू व साखर हीं तिन्ही त्याच पिशवींत असतात. जानेवारीच्या तेराव्या तारखेस सिंधी मोहल्ल्यांतून लाल लोईची होळी पेटते व तिच्याभोंवतीं रेवड्या-शेंगा वाटल्या जातात. दुसऱ्या दिवशीं तिरमूरी, तेव्हां सासरीं असलेल्या लेकीकडे तिळाचे लाडू आणि मुळे पाठवितात. तोच दिवस आमच्या संक्रांतीचा. त्या दोन दिवसांत स्टेशनाबाहेर भुईमुगाच्या शेंगांची जी हातगाडी उभी असते, तिच्यापाशीं एक बाई होळीसाठीं शेंगा मोजून घेत असते व दुसरी नातवाच्या बोरनहाणासाठीं. आणि गाडीवाला दोघींनाही चार शेंगा वर टाकतो.